वरची मूठ

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच समोरची भिंत बाजूला करा आणि तिच्या जागी अमरावतीचा इतवारा बाजार उभा करा. काळ जुना आहे. नवे पैसे नुकतेच निघाले आहेत आणि म्हाताऱ्या बाया अजून आण्यातच भाव सांगतात. भाजी शेरानं आणि पावशेरानं मिळते. श्रावण चालू आहे. चिखलावर पोती अंथरून बायका ओळीनं बसल्या आहेत. कोणापुढे दोडके, कोणापुढे कारली, कोणापुढे सांबाराच्या जुड्या. कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणतात, एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर पुढे तुमचा घोटाळा होईल.

आता तुमच्या हातात एक पिशवी आहे असं समजा. तुम्ही पावशेर भेंडी घेतली. काटा सरळ झाला, भेंडी पिशवीत पडली, तुम्ही पैसे दिले. निघालात? अहं, थांबा जरा. पिशवीचं तोंड उघडंच ठेवा. तुम्ही त्या बाईचं नेहमीचं गिऱ्हाईक असाल, तर ती एक मूठ सांबार आणि दोन मिरच्या वरून टाकेल. ही वरची मूठ. तिचे पैसे नसतात. ती मागायचीही नसते. मागितली तरी मिळते, पण मग ती भीक होते.

या मुठीची गोष्ट आहे मैनाची. मैना तेव्हा चौथीत होती. तिचे वडील भगवंतराव अकोल्याला तेलाच्या गिरणीत कामाला होते आणि सुट्टी मिळेल तेव्हा घरी येत. अमरावतीच्या घरात मैना आणि तिची आई माणिकबाई, दोघीच. भाजी घ्यायची ती वलगावच्या दुर्गाबाईकडून. मैना पाळण्यात होती तेव्हापासून हे ठरलेलं. पेढी नदीच्या काठाला दुर्गाबाईची माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, वाडी होती आणि ती एक दिवसाआड बैलगाडीनं बाजारात येई.

माणिकबाई भाजी निवडता निवडता मैनाला सांगायची, "बाजार कोनालेबी करता येते. बाई बांधून ठेवता आली पायजे. एकीकडेच जायचं. ती जो भाव सांगन तो द्यायचा, घासाघीस नाई करायची. अन् ज्या दिवशी तिची भाजी सुकून गेली असन, त्या दिवशी आधी घ्यायची."

"सुकलेली काऊन घ्यायची?" मैना विचारी.

"ताजी तर कोनीबी घेते वं."

मैनाला हे तेव्हा कळलं नाही. तुम्हालाही लगेच कळलं नाही तरी चालेल.

माणिकबाईच्या या वागण्याचं मोठं फळ वर्षातून एकदाच मिळे, महालक्ष्म्यांना. भाद्रपदात त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत, आणि जेवणाच्या दिवशी नैवेद्याला सोळा भाज्या लागत. सोळा म्हणजे सोळाच. सासूनं हे देवकार्य हाती देताना सांगितलं होतं, "पुरन कमी पडलं तं चालन, भाजी कमी नको पाडू." आता तुम्हीच विचार करा, एका वाडीत सोळा भाज्या कुठून पिकणार? दुर्गाबाईकडे दोडके, कारली, भेंडी, अंबाडी, वांगी. गोदाबाईकडे पडवळ, तोंडली आणि काकडी. भागीरथेकडे कोहळं, चवळीच्या शेंगा आणि धोप्याची पानं, म्हणजे अळूची. उरलेल्या ओळीतल्या आणखी कोणाकोणाकडे. मग या बायका काय करत? सणाच्या आदल्या पहाटे एकमेकींकडून भाजी मागून घेत. "हे माह्या माणिकसाठी," दुर्गाबाई म्हणे, आणि गोदाबाई पडवळ काढून देई. "हे माह्या वकीलीनबाईसाठी," गोदाबाई म्हणे, आणि दुर्गाबाई कारली देई. पैसे नाहीत, तराजू नाही. प्रत्येकीनं आपापल्या गिऱ्हाइकाच्या नावावर मागायचं. अशी सोळा भाज्यांची जुडी ओल्या पोत्याखाली बाजूला राही. बाकीच्या लोकांना त्या दिवशी दामदुपटीनंही सगळ्या भाज्या मिळत नसत.

ही देवघेव मैनाला ठाऊक नव्हती. तिला वाटे, सोळा भाज्या दुर्गामावशीच पिकवते.

श्रावणात एकदा दुर्गाबाईला ताप आला आणि ती बाजारात आली नाही. मैना पिशवी घेऊन गेली तर जागा रिकामी. शेजारची गोदाबाई म्हणाली, "दुर्गा नाई आली आज. घे माह्याकडून." मैनानं पावशेर तोंडली घेतली. आणि गोदाबाईनं काय करावं? एक मूठ सांबार टाकलं, मग आणखी एक टाकलं, वर मिरच्या, वर अद्रकाचा तुकडा.

"एवढं?" मैना म्हणाली.

"मंग? घरी सांग तुह्या मायले, गोदाचा हात केवढा आहे ते. येत जा."

मैना घरी येईपर्यंत विचार करत होती. पोर हुशार होती, हाच तर सगळा घोटाळा. दुर्गामावशी इतक्या वर्षांची, ती एक मूठ देते. गोदाबाई पहिल्याच दिवशी दोन देते. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकापेक्षा नव्याला जास्त. मग रोजच नवं गिऱ्हाईक झालं तर?

तिनं तसं करून पाहिलं. दुर्गाबाई बरी होऊन परत आली. मैना आधी ओळीच्या दुसऱ्या टोकाला भागीरथेकडे जाई आणि थोडंसं काही घेई. पण नुसतं घेऊन मूठ मोठी होत नव्हती, म्हणून एक वाक्य जोडावं लागलं. "आई म्हणते, आता तुमच्याकडूनच घेत जाऊ." भागीरथा खूश होई. मग दुर्गाबाई पाण्याला नळावर गेली की तिच्या शेजारी गोदाबाईकडे तेच वाक्य. एकदा गोदाबाईनं विचारलं, "काऊन वं, दुर्गा काय वाईट आहे?" मैना क्षणभर अडली आणि बोलून गेली, "दुर्गामावशी माप कमी टाकते."

हे खोटं होतं. दुर्गाबाईचा काटा नेहमी भाजीकडेच झुकलेला असे. पण त्या वाक्यानं गोदाबाईची मूठ दुप्पट झाली, आणि मुलांनो, ज्या वाक्यानं एकदा फायदा होतो ते जिभेवर बसून राहतं. पुढच्या खेपेला मैनानं ते भागीरथेलाही सांगितलं.

शेवटी ती दुर्गाबाईकडे येई. दुर्गाबाई आपली मूठ टाकी आणि म्हणे, "मायले म्हना, मावशीनं आठवन केली." मैना मान हलवून घरी पळे.

घरी माणिकबाई पिशवी उलटी करी आणि चकित होई. "एवढं सांबार! कोनी दिलं वं?"

"दुर्गामावशीनं."

"बाप्पा! स्वतः आजारी पडून उठली अन् किती करून राहिली आपल्यासाठी." सांबाराची चटणी होई, ते वड्यांत जाई, उरलेलं शेजारी जाई. माणिकबाई मैनाच्या पाठीवरून हात फिरवी, "माही पोरगी बाजारात शहाणी झाली." मैनाला तो हात फार आवडे. खरं सांगायचं तर सांबारापेक्षा तिला तो हातच हवा होता. मला या गोष्टीत सगळ्यात वाईट याचंच वाटतं.

बाजारात मैनाला एक गोष्ट दिसली नव्हती. या बायका सकाळी निरनिराळ्या पोत्यांवर बसत, पण संध्याकाळी एकाच बैलगाडीनं वलगावला जात. गाडी दुर्गाबाईचा नवरा देवराव हाकी. एका संध्याकाळी रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून गोदाबाई म्हणाली, "दुर्गे, तुही माणिक आता माही झाली बरं."

"कोन म्हनते?"

"तिची पोरगीच म्हनते. लाल रिबिनी बांधते ते. म्हने, दुर्गामावशी माप कमी टाकते, आता तुमच्याकडूनच घेऊ."

भागीरथा ताडकन सरळ बसली. "अवं, मले बी तेच सांगतलं तिनं! मी तं अद्रक देल्लं तिले."

देवराव बैलांकडे बघत हसला. "एक पोरगी तुमा दोघींले विकून राहिली, अन् तुमी म्हनता आमी भाजी विकतो!"

सगळ्या हसल्या. दुर्गाबाई हसली नाही. "दुसऱ्या कोनाची असन," ती म्हणाली. "माणिकच्या पोरीले मी पायन्यात असल्यापासून पायतो. माह्या मापाले नाव ठेवनारी पोर नाई ते."

"अन् असली तं?" गोदाबाई म्हणाली.

"असली तं यंदा महालक्ष्मीले तुमाले एक पान बी मांगनार नाई."

"पाय बरं. बोलून राहिली तू."

"बोललो."

देवरावानं एकदा मागे वळून पाहिलं आणि बैल हाकले.

पुढच्या बाजाराला दुर्गाबाई पोतं भिजवायला नळावर गेली होती. बादली घेऊन परत येताना तिला गोदाबाईपुढे दोन लाल रिबिनी दिसल्या. मैनाची पाठ होती. "आई म्हणते," मैना सांगत होती, "दुर्गामावशीचं माप बरोबर नसते. आता तुमच्याकडूनच..."

गोदाबाई मैनाच्या डोक्यावरून दुर्गाबाईकडे बघत होती. तिनं मूठभर सांबार पिशवीत टाकलं आणि मान खाली घातली. दुर्गाबाई बादली घेऊन आपल्या जागेवर गेली आणि तिनं पोत्यावर पाणी शिंपडलं.

थोड्या वेळानं मैना तिच्यापुढे उभी. "मावशी, पावशेर भेंडी."

दुर्गाबाईनं भेंडी तोलली. काटा नेहमीसारखाच झुकला. मैनानं पिशवीचं तोंड उघडं धरलं. मुठीचा हात आला, पण सावकाश आला. "मायले म्हना..." दुर्गाबाई म्हणाली, आणि पुढचं तिनं सांगितलंच नाही.

मैनाला काही कळलं नाही. तिला त्याच वेळी कळायला हवं होतं. कोणी एक शब्द बोललं असतं, रागावलं असतं, कान धरला असता, तर पुढचं टळलं असतं असं मला पुष्कळदा वाटतं. पण दुर्गाबाईचा स्वभाव रागावण्याचा नव्हता, आणि शब्द तर ती देऊन बसली होती.

महालक्ष्म्या आल्या. त्या दिवशी माणिकबाई स्वतः बाजारात गेली. मैना बरोबर होतीच. माणिकबाईनं धुतलेलं पातळ नेसलं होतं आणि पदराखाली एक नवा चोळीचा खण होता, हिरवा, लाल काठाचा. तो तिनं भगवंतरावांकडून अकोल्याहून मुद्दाम मागवला होता. दुर्गाबाईपुढे बसून तिनं खण पुढे केला.

"हे घ्या दुर्गाबाई. श्रावणभर तुमी इतकं वरून देलं. सांबार, अद्रक, मिरच्या, पिशवी भरून. मले रोज लाजल्यासारखं होत होतं."

दुर्गाबाईनं खणाकडे पाहिलं. "मी?"

"मंग कोन? मैना रोज आनत होती की."

शेजारून गोदाबाई म्हणाली, "खण फाडा अन् तीन तुकडे करा माणिकबाई. आमाले बी लागते. आमी बी देलं."

"गोदे, राहू दे," दुर्गाबाई म्हणाली.

"काऊन राहू दे? माप कमी टाकते म्हने तू!"

माणिकबाई एकदा गोदाबाईकडे, एकदा दुर्गाबाईकडे बघत होती. मग तिनं मैनाकडे पाहिलं. मैना पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत होती. माणिकबाईला आणखी काही विचारावं लागलं नाही.

दुर्गाबाईनं खण हातात घेतला, नीट घडी घातली आणि परत माणिकबाईच्या मांडीवर ठेवला. "माह्या एका मुठीचा खण नाई होत, बाई." मग तिनं ओलं पोतं उचललं. खाली जुडी होती, केळीच्या सोपटानं बांधलेली. दोडके, कारली, भेंडी, अंबाडी, वांगी. तिच्या वाडीत होतं तेवढं सगळं होतं, निवडून काढलेलं. पण जुडी एका हातात मावत होती. दर वर्षी ती दोन हातांनी उचलावी लागे.

"बाकीच्या?" माणिकबाईनं हळूच विचारलं.

"बाकीच्या माह्या नसतातच. मी तुह्या नावानं मांगून आनत होतो. यंदा मांगता नाई आलं."

असं सोळा भाज्यांचं गुपित मैनाला त्या दिवशी समजलं.

माणिकबाई उठली. त्या गर्दीत, त्या भावात जे मिळालं ते तिनं विकत घेतलं. कोहळ्याची एक फाक मिळाली, काकडी मिळाली, कुठेतरी माठ, पालक, गवार आणि मुळा मिळाला. भागीरथेकडे धोप्याची पानं होती, पण ती तिच्या गिऱ्हाइकांच्या नावानं बांधून ठेवलेली. "मी देली असती वं बाई," भागीरथा म्हणाली, "पन दुर्गानं मांगतलं नाई, अन् तुमी माह्या नाई." पडवळ तर कुठेच नव्हतं.

रात्री भगवंतराव अकोल्याहून आले. दुसऱ्या दिवशी नैवेद्याचं ताट वाढताना त्यांनी सवयीनं विचारलं, "सोळाच्या सोळा झाल्या न?"

"यंदा अकरा," माणिकबाई म्हणाली.

"काऊन?"

"बाजारात आल्याच नाई."

मैना दाराशी उभी होती. आई खोटं बोलली, तेही देवापुढे, आणि तेही तिच्यासाठी. मैनानं तोवर आईला खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, आता आई रागावेल, मारेल. माणिकबाईनं मारलं नाही. तिनं बाजारात शहाणी झाली असंही पुन्हा कधी म्हटलं नाही.

महालक्ष्म्या उठल्या. काही दिवस घरात पिठलं, वरण, कांद्याचा झुणका एवढंच होत होतं. माणिकबाई बाजाराकडे फिरकली नाही. मग एका सकाळी तिनं पिशवी आणि पैसे मैनाच्या हातात दिले.

"अंबाडी आन."

"कोणाकडून आणू?"

माणिकबाई चुलीकडे वळली. "तुले वाटन तिच्याकडून. आता आपलं कोनी नाई."

मैना इतवाऱ्यात आली. ऊन पडलं होतं आणि दुर्गाबाईपुढे बरीच गर्दी होती. तिची नेहमीची गिऱ्हाइकं बाजूनं पिशवी पुढे करत आणि न थांबता घेऊन जात. नवखी माणसं मागे उभी राहत. मैनाला पाहून गोदाबाईनं हात केला.

"ये वं, लाल रिबिन! लाजू नको. झालं गेलं पेढी नदीले गेलं. आता तं तू मोकळी आहेस न? माह्याकडे ये. मूठ बी देतो, अन् पुढल्या साली सोळा बी पुऱ्या करून देतो. तुह्या मायच्या नावानं मांगीन मी, भागीरथा देईन."

"देईन की," भागीरथा पलीकडून म्हणाली. "आता फसवजो नको म्हनजे झालं."

गोदाबाईच्या बोलण्यात टोमणा होता, पण खोट नव्हती. ती खरंच देणार होती. पुढच्या वर्षी आईच्या ताटात सोळा भाज्या पडल्या असत्या. मैनाला ते कळत होतं. गोदाबाईच्या पोत्यावरची अंबाडी ताजी, कोवळी होती. दुर्गाबाईची उन्हानं मान टाकलेली दिसत होती.

दुर्गाबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं मैनाकडे बघितलं नाही. ती एका म्हाताऱ्या गृहस्थाला दोडके तोलून देत होती.

मैना थोडा वेळ दोघींच्या मध्ये उभी राहिली. मग गोदाबाईकडे बघून तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि दुर्गाबाईपुढच्या नवख्या माणसांच्या मागे, सगळ्यात शेवटी, जाऊन उभी राहिली.